दीड मिलिमीटरची ऐट

कीबोर्ड चांगला असला की लिखाण आपोआप चांगलं होतं, या मतावर मी ठाम आहे. ज्यांनी बोरूने, टाकाने नाहीतर कोळशाने थोर ग्रंथ लिहिले त्यांची यादी कृपा करून मला वाचून दाखवू नये. ती आमच्या घरात लॅपटॉपचं खोकं फुटायच्या आधीच वाचून झाली आहे. बायको मराठीची पदवीधर आहे, त्यामुळे यादी बरीच लांबली.

पगाराच्या थकबाकीचा हप्ता जमा झाला आणि मी बिझनेस लॅपटॉप घेतला. आश्रमशाळेतल्या मास्तराला बिझनेस लॅपटॉप कशाला, हे गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या भामरागडात ज्याने त्याने आपापल्या परीने विचारून घेतलं. हजेरीला साधा लॅपटॉप पुरतो, बाकीच्याला मोबाइल पुरतो, हे मलाही कळतं. पण नेटवर्क असेल त्या त्या रात्री मी यूट्यूबवर लॅपटॉपची परीक्षणं बघत बसलो होतो. त्यात एक तरणा मुलगा मायक्रोफोन बटनांना चिकटवून बराच वेळ नुसता टाइप करतो आणि डोळे मिटून तो आवाज ऐकतो. मीही डोळे मिटून ऐकायचो. मध्येच व्हिडिओ अडकला तरी उघडायचो नाही. त्या मुलाकडून मला ‘की ट्रॅव्हल’ कळली. बटन दाबल्यावर ते किती खोल जातं, त्याचं हे माप. पातळ, चकचकीत लॅपटॉपात ते एक मिलिमीटरच्या आसपास असतं. माझ्या लॅपटॉपात दीड. या उरलेल्या अर्ध्या मिलिमीटरसाठी मी काय मोजलं, तो आकडा घरात अजून टप्प्याटप्प्याने जाहीर होतो आहे.

खोक्यावर आणखी एक शिक्का होता, तो पाहून माझा ऊर भरून आला. हा लॅपटॉप अमेरिकी सैन्याच्या ‘मिल-एसटीडी-810’ या मानकाप्रमाणे तपासलेला आहे. हे मानक 1962 साली निघालं. उष्णता, थंडी, पाऊस, दमटपणा, धूळ, हादरे, धक्के अशा पुष्कळ चाचण्या त्यात आहेत, आणि त्यातल्या कोणत्या घ्यायच्या ते कंपन्या आपापलं ठरवतात. एक चाचणी चक्क बुरशीची आहे. वस्तूवर बुरशीचे बीजाणू फवारायचे, ती उबदार दमट पेटीत किमान 28 दिवस ठेवायची आणि मग उघडून बघायची. अमेरिकेला यासाठी प्रयोगशाळा लागते. आमच्याकडे जुलैत कपाटातला कातडी पट्टा, न घातलेले बूट आणि लग्नाचा अल्बम हीच परीक्षा फुकट देतात आणि एकजात नापास होतात.

हादऱ्यांची चाचणी तर मी स्वतः घेतली. कुरिअरवाल्याने फोनवर ‘भामरागड’ ऐकलं आणि नम्रपणे अहेरीला यायला सांगितलं. मी गेलो, खोकं ताब्यात घेतलं आणि एसटीत मांडीवर घेऊन बसलो. आलापल्ली सुटल्यावर जी चाचणी सुरू झाली ती ताडगाव, हेमलकसा करत थेट घरापर्यंत चालली. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने बराच वेळ खोक्याकडे पाहून विचारलं, “टीव्ही होय का जी?”

“नाही, लॅपटॉप.”

“चित्र केवढं दिसते यात?”

“चित्रासाठी नाही घेतला. बटनांसाठी घेतला.”

म्हाताऱ्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि उरलेला सगळा प्रवास तोंड खिडकीकडे फिरवून केला.

पण बटनं खरंच तशी आहेत. बोट ठेवलं की बटन आधी किंचित नाही म्हणतं, मग एकदम हो म्हणतं आणि लगेच परत जागेवर येतं. बटनाचा माथा मधोमध जरासा खोलगट आहे, बोटाचं टोक आपण होऊन तिथे जाऊन बसतं. आवाज टक् असा होत नाही. तो ठप् आणि टप् यांच्या मधला, थोडा गंभीर, संयत असा होतो. मी पहिल्या संध्याकाळी काहीच लिहिलं नाही, फक्त दाबत बसलो. बायकोने आतून विचारलं, “अहो, काय लिहिताय एवढं?” मी म्हटलं, “सुचतंय.” स्क्रीनवर तेव्हा ओळीच्या ओळी नुसता ‘र’ उमटला होता.

या कीबोर्डची आणखी एक करामत आहे. त्यावर चहा किंवा पाणी सांडलं तर ते आत न मुरता बटनांखालच्या पन्हाळीतून वाहत जातं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. दर पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या जुन्या पुलावरून पाणी जातं, पलीकडचं जग बंद होतं आणि आम्ही घरात बसून या भोकांचा विचार करतो. पाणी येणारच हे गृहीत धरून आधी त्याची वाट काढून ठेवावी, हे ज्याला सुचलं तो इंजिनिअर कुठल्या विभागात नोकरीला आहे, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे.

या जातीच्या लॅपटॉपांचं कूळही थोर आहे. आयबीएमने 1992 साली ‘थिंकपॅड’ काढला. रिचर्ड सॅपर या जर्मन डिझायनरने तो बेतला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे जपानी लोकांचा जेवणाचा काळा डबा होता. बाहेरून साधा, उघडला की आत सगळं जागच्या जागी. कीबोर्डच्या मधोमध त्याला एक लाल ठिपका होता. टेड सेल्कर या संशोधकाने तो शोधला, हेतू असा की माऊससाठी हात बटनांवरून उचलावाच लागू नये. 2005 साली हा कारभार चिनी लेनोवो कंपनीकडे गेला, ठिपका मात्र जागेवर राहिला. इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीच्या हिशेबाने तो ठिपका ‘प’, ‘व’ आणि ऱ्हस्व उकार या तिघांच्या बेचक्यात बसतो. माझ्या लॅपटॉपाला तो ठिपका नाही. त्यासाठी पुढच्या वेतन आयोगाची वाट बघावी लागेल.

आता तुम्ही म्हणाल, बटनांचं एवढं वेड या माणसाला कुठून लागलं? तर त्यासाठी चंद्रपूरला जावं लागेल, जटपुरा गेटापासून थोडं आत, एका जिन्याने वर, टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये. जिना चढतानाच तो आवाज यायचा. वीसेक यंत्रं एकदम सुरू असली की वरचा मजला खाली येतो की काय असं वाटायचं, आणि खालच्या शिंप्याने तशी लेखी तक्रारही केली होती. ती तक्रार त्याने आमच्याच इन्स्टिट्यूटमधून टाइप करून घेतली होती.

आमचे सर हातात फूटपट्टी घेऊन फिरायचे. ती पट्टी मारायला नव्हती, झाकायला होती. कुणाची नजर बटनांवर गेली की सर ती त्याच्या डोळ्यांच्या खाली आडवी धरत. “बटन बघून टायपिंग करणारा आणि पाय बघून चालणारा, दोघंही खड्ड्यात पडतात,” हे त्यांचं रोजचं वाक्य. भामरागडच्या रस्त्यावर ते कधी आले नसावेत. इथे पाय न बघता चालणाराच पडतो. यंत्रं काही रेमिंग्टन होती, काही गोदरेज. गोदरेजने आपला पहिला टाइपरायटर 1955 साली काढला आणि 2009 साली ते काम बंद केलं. मला वाटतं, आमच्या सरांइतकं त्या कारखान्यावर खुद्द मालकांचंही प्रेम नसेल. एखाद्याने गाडी जोरात ढकलली की ते कळवळत, “अरे, हळू! गोदरेज आहे ते!” रेमिंग्टनसाठी ते असे कळवळत नसत. रेमिंग्टन परदेशी, सोसेल.

ओळ संपत आली की यंत्राची घंटा वाजायची. वीस घंटा आपापल्या वेळी वाजत. त्यातली आपली कोणती हे कानाला बरोबर कळायचं. मग डाव्या हाताने दांडा ओढून गाडी परत आणायची, त्याचा कर्र आवाज, मग पुढची ओळ. फीत अर्धी काळी अर्धी लाल. लाल कशासाठी वापरायची हे सरांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. दोन कागदांमध्ये कार्बन घालताना तो हमखास उलटा पडे आणि मग वरच्या कागदाच्या पाठीवर सगळा मजकूर आरशात पाहिल्यासारखा उमटे. सर म्हणायचे, कागद वाया घालवू नका, आपल्याच जंगलातला आहे. ते खरंही होतं. इथला बांबू बल्लारपूरच्या गिरणीत जाऊन कागद व्हायचा आणि अर्ज होऊन परत यायचा. बांबू गेला त्याहून अर्ज जास्त आले, असं माझं आपलं निरीक्षण आहे.

परीक्षेला तर यंत्र स्वतःचं न्यावं लागायचं. इन्स्टिट्यूटचं यंत्र भाड्याने घ्यायचं, सायकल रिक्षात ठेवायचं आणि आपण मागून चालत जायचं. परीक्षा केंद्राबाहेर रिक्षांची रांग, रिक्षांत यंत्रं, यंत्रांवर टॉवेल, आणि प्रत्येक टॉवेलाशेजारी घामेजलेला एक उमेदवार. मराठी 30 शब्द मिनिटाला. नोकरीच्या जाहिरातीत ‘मराठी 30, इंग्रजी 40’ असं लिहिलेलं असे. आपल्या भाषेत आपण दहा शब्दांनी सावकाश असावं, ही सवलत मला तेव्हा अपमानास्पद वाटली होती. आता वय झाल्यावर ती फार मायाळू वाटते.

आणि त्या यंत्राच्या बटनांच्या पाटीवरची एक गंमत सांगतो, मग विषयाकडे येतो. आमच्या रेमिंग्टन पाटीवर ‘सरकार’ हा शब्द मधल्याच ओळीत पूर्ण टाइप व्हायचा. स, र, क, काना, र. एकही बोट वर नाही, खाली नाही. सरकार बसल्या जागी. आता ‘भामरागड’ घ्या. त्या यंत्रावर ‘भ’ पूर्ण नव्हताच. शिफ्ट दाबून अर्धा ‘भ’ काढायचा, त्याला काना जोडून तो उभा करायचा, मग खरा काना आणखी एकदा. मग ‘म’साठी वरच्या ओळीत, ‘ग’साठी खालच्या ओळीत, आणि ‘ड’साठी पुन्हा शिफ्ट दाबून खालच्याच ओळीत दुसऱ्या टोकाला. सरकार मध्ये बसलेलं, आणि भामरागडची वरखाली धावाधाव. तेव्हा मी भामरागड नकाशातही नीट पाहिलेलं नव्हतं. तरी माझी पुढची सगळी नोकरी त्या पाटीने तेव्हाच दाखवून ठेवली होती.

असो. विषय नव्या कीबोर्डचा आहे.

इन्स्क्रिप्टने या बाबतीत थोडा न्याय केला, हे मान्य करायला हवं. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने 1986 साली हा आराखडा ठरवला. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. ‘क’च्याच बटनावर शिफ्ट धरून ‘ख’, ‘ग’च्याच बटनावर ‘घ’. रचना इतकी शिस्तीची की याच बोटांनी भाषा बदलून सिरोंच्याकडच्या माणसासाठी तेलुगूही लिहिता येतं, फक्त तेलुगू यायला हवं. यात ‘सरकार’ लिहायला एक बोट खाली आणि एक वर न्यावं लागतं. थोडं का होईना, हललं. आणि ‘भामरागड’ला एकदाच शिफ्ट पुरते.

फक्त एक अडचण आहे. टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण कागदावर ती आधी दिसते. इन्स्क्रिप्टमध्ये ती अक्षरानंतर मारायची, कारण तोंडातून ती नंतर येते. जुन्या बोटांना हे पटत नाही. त्यामुळे टाइपरायटरवर तयार झालेला कुणीही नव्या कीबोर्डवर बसला की आपल्या जिल्ह्याचं नाव ‘गडिचरोली’ उमटतं. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून फुटून हा जिल्हा झाला, तेव्हापासून इतक्या प्रकारच्या लोकांनी त्याचं काय काय केलं, त्यात आमच्या पिढीने एवढी एक वेलांटी हलवली.

बिझनेस लॅपटॉपच्या बटनांखाली दिवा असतो. अंधारात अक्षरं उजळतात. परीक्षणातला मुलगा यावर फार खूश होता. विमानात बसून काम करणाऱ्यांना उपयोगी, असं तो म्हणाला. आमच्याकडे विमान नाही, पण अंधार भरपूर. पहिल्या मोठ्या पावसात लाइट गेली आणि मी ऐटीत तो दिवा लावला. खोलीत दुसरा उजेड नव्हता. थोड्याच वेळात गावातल्या समस्त पाखरांना बातमी लागली. आधी हिरवे तुडतुडे आले, मग पंखवाल्या वाळव्या आल्या आणि आल्या आल्या बटनांवर पंख टाकून चालू लागल्या. एक जाडजूड किडा ‘ह’वर येऊन बसला. त्याला उडवायला हात केला तर तो ‘ब’वर गेला. मी ‘ह’ आणि ‘ब’ नसलेली वाक्यं सुचतात का ते पाहिलं. मराठीत ‘ह’ नसला तर ‘आहे’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. दिवा बंद करून झोपलो. अमेरिकी सैन्याच्या यादीत ही चाचणी नाही.

एवढं यंत्र घरात आल्यावर त्यावर काही लिहायला हवं, हे उघड होतं. माझा बेत झाडीपट्टीच्या रंगभूमीसाठी तीन अंकी नाटक लिहिण्याचा होता. धान निघाला की देसाईगंज-वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरतात, रात्र रात्र नाटकं चालतात, माणसं घोंगड्या घेऊन येतात आणि पहाटे रडून घरी जातात. आपल्या लेखणीवर असं हजारभर माणूस थंडीत रडावं, अशी माझी साधीच इच्छा. पहिला प्रवेश पक्का होता: जंगलखात्याचा बंगला, रात्र, लांबून ढोलाचा आवाज. ‘ढोल’ टाइप करायला फार सुख वाटलं. ‘ढ’ शिफ्टवर आहे.

पण भामरागडात एखाद्याच्या घरी मराठी टाइप करणारं यंत्र आहे आणि माणूस पैसे घेत नाही, ही गोष्ट नाटकापेक्षा लवकर पसरते. दुसऱ्याच आठवड्यात अंगणात माणसं दिसू लागली. आधी एक पालक, दाखल्यातल्या जन्मतारखेसाठी. आमच्याकडच्या जुन्या रजिस्टरांप्रमाणे अख्ख्या वर्गाचा वाढदिवस 1 जुलैला असतो. मग बँकेचं पासबुक घेऊन एक जण. मग घरकुल. मग पावसात वाहून गेलेल्या धानाच्या बांधीचा पंचनामा. जंगलखात्याचा बंगला अंधारात तसाच उभा, ढोल लांबच वाजतोय, आणि मी टाइप करतोय: ‘महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की.’ त्या दीड मिलिमीटरमध्ये ‘सविनय’ फार सुरेख बसतो, हे इथे नमूद करतो.

अशीच एक आजी आली. सोबत दहावीतला नातू. आजी माडियाच बोलते, नातू मधे दुभाष्या. तिने लुगड्याच्या ओच्यातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून दुसरी पिशवी, आणि त्यातून कागद. एक वनहक्काचा पट्टा. 2006 च्या कायद्याने 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मिळतो, आणि कायदाच सांगतो की पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे व्हायचा. तसा तो होता, आणि नवरा आता नव्हता. आडनाव ‘वड्डे’. दुसरा कागद आधार कार्ड. त्यावर ‘वडे’. तिसरा रेशन कार्ड. त्यावर ‘वडडे’, दोन ‘ड’ शेजारी शेजारी, एकमेकांशी बोलणं नसलेले. कुठल्याशा योजनेचे पैसे यावरून अडकले होते. कुणी तरी तिला सांगितलं होतं, प्रतिज्ञापत्र करून आण, की तिन्ही नावांची बाई एकच आहे.

मी हे सगळं ऐकताना हसलो होतो, कारण ‘वडे’ वाचून कुणीही हसतो. नातू हसला नाही. त्याने हा विनोद शाळेत भरपूर ऐकलेला असणार.

मी टाइप करायला बसलो. इन्स्क्रिप्टवर ‘वड्डे’ असं लिहायचं: डाव्या तर्जनीने ‘व’, उजव्या करंगळीने पार कडेचा ‘ड’, मग डाव्या मधल्या बोटाने हलंत, म्हणजे पाय मोडायचं बटन, परत करंगळीने ‘ड’, आणि डाव्या अनामिकेने मात्रा. पाच ठोके. मधला हलंत राहिला की दोन ‘ड’ सुटे पडतात. हलंत आणि एक ‘ड’ दोन्ही राहिले की ‘वडे’. घाईत असलेल्या कुणा माणसाची करंगळी एकदा कमी पडली, आणि एका बाईची तीन माणसं झाली.

मी पाचही ठोके नीट मारले. अक्षर मोठं केलं, लॅपटॉप आजीकडे फिरवला आणि नातवाला म्हटलं, सांग तिला, हे तुझं नाव. आजी वाकून बघायला लागली. तेवढ्यात त्या नावाखाली लाल नागमोडी रेघ आली.

आजीला वाचता येत नाही, पण नातवंडांच्या वह्या तिने पाहिलेल्या आहेत. मास्तर लाल रेघ कधी मारतो ते तिला ठाऊक आहे. तिने नातवाला काहीतरी विचारलं. नातू माझ्याकडे न बघता म्हणाला, “सर, आजी म्हणते, इथे पण चुकलं का?”

मी त्या शब्दावर उजवी टिचकी मारली. यंत्राने अदबीने सुचवलं: ‘वडे’.

त्यानंतर थोडा वेळ मला त्या कीबोर्डचा भयंकर राग आला होता. बटनाचा गुन्हा नव्हता, बटनाने सांगितलं ते केलं. पण लाल रेघ मारायचा अधिकार कुणाचा? या बाईने आयुष्यात स्वतःचं नाव एकदाही लिहिलेलं नाही. पट्ट्यावर ते एकाने लिहिलं, रेशन कार्डावर दुसऱ्याने, आधारवर तिसऱ्याने, आणि शाळांच्या रजिस्टरांत तिच्या मुलांची नावं आम्ही मास्तरांनी. सगळे बाहेरून आलेले, सगळ्यांचे कान वेगळ्या बोलीत तयार झालेले, सगळ्यांना घाई. तिने फक्त उच्चारलं आणि दर वेळी बरोबर उच्चारलं. चुका एकूण एक लिहिणाऱ्यांच्या, आणि त्या निस्तरायला साक्षीदार, शिक्के आणि गाडीभाडं घेऊन तिने जायचं. वर प्रतिज्ञेवर सांगायचं की मी आणि मी एकच आहे. आणि आता हे नवं, महागडं, सैन्याच्या कसोटीला उतरलेलं यंत्र त्याच रांगेत येऊन उभं राहिलं आणि तिच्या तोंडावर म्हणालं, तुमचं नाव असं नसावं, तुम्ही बहुतेक वडे असाल.

उजव्या टिचकीच्या त्याच यादीत खाली ‘शब्दकोशात जोडा’ असं असतं. ते दाबलं. लाल रेघ गेली. नातवाने आजीला ते सांगितलं. यंत्राला आता तुझं नाव येतं, असं काहीसं म्हणाला असावा. आजी फार प्रभावित झाली असं काही नाही. तिने कागद एका पिशवीत, ती पिशवी दुसरीत, आणि ती ओच्यात ठेवली, आणि विचारलं, अर्जाचे किती? मी नको म्हटलं. तर म्हणे पुढच्या खेपेला टोळी, म्हणजे मोहाची फळं, आणीन. मोहाच्या फुलांपेक्षा टोळीचं तेल माझ्या गुडघ्यांना बरं, हे तिने बसल्या बसल्याच ताडलं होतं.

तेव्हापासून मला एक नवा चाळा लागला आहे. रात्री लाइट असेल तेव्हा नाटक उघडायचं सोडून मी आडनावं टाइप करतो. पुंगाटी, लाल रेघ, शब्दकोशात जोडा. उसेंडी, महाका, तलांडी, मज्जी, दुर्वा. मग गावं: धोडराज, बिनागुंडा, आरेवाडा, नारगुंडा. ‘लाहेरी’ला यंत्राने ‘लहरी’ सुचवलं. लाहेरीला ज्याची बदली झाली आहे तो हे ऐकून हसेल, पण जोडा. बायको विचारते, “किती अंक झाले?” मी म्हणतो, “पात्रं जमवतोय.” हे खोटं नाही.

हेमलकशाचा सेवाप्रकल्प बघायला आलेले पाहुणे हिवाळ्यात कधी आमच्याकडेही चहाला येतात. 1973 पासून तिथे काय काय उभं राहिलं ते बघून ते भारावलेले असतात, आणि अशा वेळी त्यांना माझा कीबोर्ड दाखवू नये एवढं भान खरं तर मला असायला हवं. पण मी दाखवतोच. दाबून बघा म्हणतो. एक गृहस्थ, त्यांच्याकडे पापडाइतका पातळ लॅपटॉप होता, दोन बटनं दाबून म्हणाले, “छान आहे, पण हल्ली बोलून टाइप होतं की. तोंडाने सांगा, ते लिहितं.” मी लगेच त्यांच्याच फोनवर त्यांना ‘वड्डे’ म्हणून बघायला सांगितलं. काय उमटलं ते तुम्ही ओळखलं असेलच. गृहस्थ म्हणाले, “भूक लागली बुवा.” त्या चहाबरोबर मी मुद्दाम बिस्किटंही ठेवली नाहीत.

तर परीक्षण असं. बटनं: उत्तम. खोली: दीड मिलिमीटर, ऐटीला पुरेशी. आवाज: मायक्रोफोनजवळ धरण्याजोगा. दिवा: पाखरांना पसंत. पाणी: वाट आहे. बुरशी: पुढच्या जुलैत कळेल. अमेरिकी सैन्याला मात्र सविनय सादर करण्यात येते, की आपल्या मानकाच्या पुढच्या आवृत्तीत आणखी एक चाचणी घालावी. उमेदवार लॅपटॉप भामरागडात आणावा, लाहेरीपासून ताडगावपर्यंतची आडनावं एका दमात टाइप करावीत, आणि एकाही नावाखाली लाल रेघ आली नाही तरच खोक्यावर शिक्का मारावा. माझा लॅपटॉप या परीक्षेत आजच्या तारखेला काठावर आहे. पण रोज सराव चालू आहे, आणि असली पोरं मी वर्गात पुष्कळ पाहिली आहेत. मार्चपर्यंत निघतात.